चालत्या स्कूटरवर चालकाशी बोलू नये

माझ्या सासऱ्यांनी गोडदेव नाक्याजवळ रिक्षाला मागून धडक दिली, तेव्हा मागच्या सीटवरून सासूबाई त्यांना एक प्रश्न विचारत होत्या. धाकट्या पुतणीच्या साखरपुड्याला खीर शेवयांची होती की गव्हाची?

बाबा आठवत होते. तेवढ्यात पुढच्या रिक्षावाल्याला भाडं दिसलं आणि त्याने ब्रेक मारला. बाबांनीही मारला, पण खिरीचा निकाल लागल्यावर.

नुकसान फारसं नव्हतं. स्कूटरचा एक इंडिकेटर फुटला, बाबांचा गुडघा खरचटला आणि पिशवीतले बोंबील रस्त्यावर पसरले. रिक्षाला ओरखडासुद्धा आला नव्हता. रिक्षावाला उतरून म्हणाला, "चाचा, ध्यान किधर था?" बाबा बोंबील वेचत होते. डोक्यावरच्या हेल्मेटसकट आई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "ध्यान इधरीच था! हम लोग बात कर रहा था ना!" हा बचाव आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

घरी आल्यावर मी गुडघ्याला मलम लावत होते, तेव्हा बाबांनी पहिलं वाक्य उच्चारलं. "गव्हाची होती."

संध्याकाळी नवरा ऑफिसमधून आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, वडिलांना फक्त "लागलं नाही ना फार?" एवढंच विचारलं आणि मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "स्कूटरची चावी काढून घे त्यांच्याकडून."

"मी का? वडील तुझे आहेत."

"तू स्कूटर शिकवतेस. त्यातलं तुला कळतं."

आमच्या घरात गोड बातम्या नवरा देतो. कडू गोष्टींमधलं मला कळतं.

हे मात्र खरं की मी बायकांना स्कूटर शिकवते. नवघरमध्ये नव्या इमारतींच्या मागे एक रस्ता आहे. इमारतींमध्ये अजून माणसं राहायला आलेली नाहीत, त्यामुळे सकाळी तिथे आम्ही आणि कुत्री एवढेच असतो. शिकायला येणाऱ्या बहुतेक जणी तिशी-चाळिशीतल्या. कोणाला मुलांना क्लासला सोडायचं असतं, तर कोणाला नवऱ्यासमोर हात पसरायचा कंटाळा आलेला असतो. गुजराती, मारवाडी, उत्तरेकडच्या, आपल्या मराठी, सगळ्या असतात. माझी भाषा त्यामुळे खिचडी झाली आहे, पण ब्रेक सगळ्या भाषांत ब्रेकच असतो.

माझी एक पद्धत आहे. बाई गोल फेऱ्या नीट मारायला लागली की मी लगेच शाबासकी देत नाही. तिच्या बाजूने चालत चालत सहज विचारते, "आज डब्बे में क्या बनाया?" तोपर्यंत सरळ चाललेली स्कूटर तिथे डगमगते, किंवा बाईचा पाय खाली येतो. एक बेन तर "भिंडी" म्हणाली आणि शांतपणे झाडाच्या आळ्यात शिरली. पाच मिनिटांपूर्वी हीच बाई इंग्रजी आठचा आकडा काढत होती. हात तेच, रस्ता तोच, फक्त मध्ये भेंडी आली. डब्याचं उत्तर देऊनही जिची स्कूटर सरळ जाते, तिलाच मी मोठ्या रस्त्यावर नेते.

इतकं कळत असूनही बाबांची चावी मागणं मला जड जात होतं. एक तर ते मुंबईत बस चालवून रिटायर झालेले ड्रायव्हर. उभी हयात त्यांनी एवढी मोठी गाडी अरुंद गल्ल्यांतून काढली आणि कोणाला धक्का लागू दिला नाही. दुसरं म्हणजे मला स्कूटर त्यांनीच शिकवली. मी नवी सून होते, आम्ही नुकतेच मुंबईची चाळ सोडून इथे आलो होतो. बाबा स्कूटरच्या मागे धावायचे, आणि मी पडले की "काही नाही, बस असती तर जास्त लागलं असतं," असं म्हणायचे. अशा माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं की आता तुम्हाला जमत नाही?

शिवाय ती स्कूटर म्हणजे त्यांचं एकमेव राज्य होतं. आमच्या घरात टीव्हीचा रिमोट आईंकडे, वर्तमानपत्र आधी नवऱ्याकडे, बाथरूम मुलीकडे. बाबांच्या वाट्याला स्कूटर आणि आठवड्यातले मासळीचे वार. ते वार सोडले तर ते गॅलरीत बसून खालच्या गाड्यांचं पार्किंग बघतात आणि मनातल्या मनात मार्क देतात.

मी विषय काढला, तर ते शांतपणे म्हणाले, "वय झालं म्हणायचं आहे ना? म्हण. पण आधी सिद्ध कर."

सिद्ध करायची सोय घरातच निघाली. आमची मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकते. तिला त्याच दिवसांत एक प्रॅक्टिकल करायचं होतं. समोरच्याने उभी धरलेली फूटपट्टी सोडायची आणि आपण ती दोन बोटांच्या चिमटीत पकडायची. पट्टी जितकी कमी घसरेल, तितका तुमचा प्रतिसाद वेगवान. आधी नुसती पकडायची, मग दुसरं काहीतरी काम करता करता पकडायची. आणि हे तरुण माणसांवरही करायचं, वयस्कर माणसांवरही. तरुण तिला कॅन्टीनमध्ये हवे तेवढे मिळाले होते. वयस्कर घरीच होते.

"आजोबा, तुमची टेस्ट घेऊ?"

"घे. आणि तुझ्या आईला समोर बसव. साक्षीदार पाहिजे."

रविवारी जेवण झाल्यावर टेबल पुसून प्रयोग सुरू झाला. सुरुवात मुलीने स्वतःपासून केली. पट्टी मी धरली. तिने ती झटकन पकडली. मग बाबांची पाळी. मुलीने पट्टी सोडली आणि बाबांनी पकडली, तिच्यापेक्षा जेमतेम बोटभर खाली. पुन्हा केलं. तेवढीच.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मिशीत सगळं होतं.

"थांबा, आता दुसरा भाग," मुलगी म्हणाली. "शंभरातून सात वजा करत जायचं, मोठ्याने. मी मध्येच पट्टी सोडेन."

बाबांनी ताठ बसून सुरुवात केली. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तरच्या आधी पट्टी सुटली आणि सरळ त्यांच्या पायावर पडली. बोटं मिटली, पण पट्टी जमिनीला टेकल्यावर. "बहात्तर," बाबा म्हणाले. गणित अगदी बरोबर होतं.

आणखी काही वेळा करून बघितलं. कधी पट्टी पडली, कधी शेवटच्या टोकाला सापडली. गणित एकदाही चुकलं नाही. आता मिशीत काही नव्हतं.

"आता हिची घे," बाबांनी नातीकडे बोट दाखवलं. "ही तर जेवताना पण फोनवर असते."

"घ्या ना! आमच्या पिढीला सवय असते एका वेळी चार कामांची."

तिने मैत्रिणीला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि तिचं सुरू झालं, "अगं ऐक ना, तो मला काय म्हणाला माहितीये..." मी पट्टी सोडली. तिने पकडली खरी, पण मघापेक्षा चांगलीच खाली. दुसऱ्यांदा आणखी खाली. तो काय म्हणाला, हे त्या वेळी जास्त रंगात आलं होतं.

"सवय आहे म्हणे," बाबा पुटपुटले.

मग मी. मी स्वतःला या कामात तरबेज समजत होते. कुकर, फोन, दारातला कचरेवाला आणि इस्त्रीवाला मी एकाच वेळी सांभाळते. मुलीने मला उद्याच्या भाज्या आणि त्या कोणाला आवडत नाहीत हे सांगायला लावलं. दुधीपर्यंत ठीक होतं. दुधी कोणाला आवडत नाही, हे आठवताना पट्टी गेली. घरातल्या कोणालाच आवडत नाही, त्यामुळे यादी लांबली. पट्टी सापडली ती बाबांच्या आणि मुलीच्या बरोबर मध्ये. माझं वयही तिथेच आहे.

आईंची पाळी आली तेव्हा प्रयोगच अडला. "आजी, आधी नुसती पट्टी पकडायची. बोलायचं नाही."

"बरं. कुठे बोलते मी? सोड. कधी सोडणार आहेस? ही पट्टी तुझ्या बाबाची शाळेतली ना गं? कोपरा बघ, दाताने चावलेला आहे त्याने."

पट्टी पडून टेबलाखाली गेली होती. आईंनी वाक्य पूर्ण केलं, मग खाली बघितलं. "सोडलीस होय?"

न बोलता पट्टी पकडण्याचा आईंचा आकडा मुलीला शेवटपर्यंत मिळाला नाही. ती जागा तिने वहीत रिकामी ठेवली.

मुलीने मग बाबांना समजावून सांगितलं. कॉलेजातल्या मॅडमनी शिकवलेलंच ते. दोन कामं एकदम दिली की सगळ्यांचाच हात उशिरा उठतो, तरुणांचाही. वय वाढतं तसा तो उशीर सहसा जास्त वाढतो. "म्हणजे आजोबा, नुसत्या पट्टीत तुम्ही जवळजवळ माझ्याएवढेच आहात. तुमचे हात ठीक, डोळे ठीक. डोकं दुसरीकडे गुंतलं की घोळ होतो."

"म्हणजे खिरीत गुंतलं की," मी म्हटलं.

बाबा उठले. खुंटीवरची चावी काढली आणि फ्रिजवर ठेवून दिली. फ्रिजवर म्हणजे आमच्या घरात बाद झालेल्या वस्तूंची जागा. जुने सेल, बंद घड्याळ, टोपण हरवलेलं पेन.

हे मला अपेक्षित नव्हतं. वाद होईल म्हणून मी मुद्दे काढून ठेवले होते. ते सगळे वाया गेले. आई आडव्या झाल्यावर मी बाबांच्या मागोमाग गॅलरीत गेले.

"बाबा, चावी ठेवायची काय गरज आहे? एकटे जा ना. मासळी तुम्हालाही कळते. आईंना मी नेईन माझ्या स्कूटरवर, कुठे जायचं असेल तिथे."

"एकटा जाऊन काय करू?"

"मग आईंना सांगा, गाडीवर गप्प बसायचं. सोपं आहे."

बाबा खाली एका कारवाल्याचं उलटं पार्किंग बघत होते. त्याला शून्य देऊन झाल्यावर म्हणाले, "आयुष्यभर माझ्या डोक्यापाशी पाटी होती. चालकाशी बोलू नये. चांगलं होतं, कोणी बोलायचं नाही. आता घरी बसल्यावर हिला पण तीच पाटी दाखवू? घरात ती माझ्याशी बोलते कुठे? घरात टीव्ही चालू, तुम्ही सगळे, फोन. स्कूटरवर बसली की तिला सगळं आठवतं. खीर काय, साखरपुडा काय. मला पण तेवढंच."

मी वाळलेले कपडे काढून आत आले.

आठवडाभर मासळी मी आणली. आईंनी दर वेळी तोंड वाकडं केलं. बोंबील मऊ पडलेत, कोळणीने तुला फसवलं. कोळीण मला "ताजं हाय ताई, कालचं न्हाय" म्हणाली होती आणि मी तिचा शब्द धरला होता. आई असत्या तर त्यांनी तिचा शब्द न धरता बोंबलाचं डोकं धरलं असतं. बाबा गॅलरीत बसून राहिले. पार्किंगचे मार्क देणंसुद्धा त्यांनी बंद केलं.

तेव्हा मी ठरवलं की गप्पांचं पुढचं पुढे बघू, आधी माणसाची गाडी तपासू. शिकवणारी मी आहे, तर परीक्षाही माझ्या पद्धतीने झाली पाहिजे. पुढच्या रविवारी क्लास संपल्यावर दोघांना नवघरच्या त्या रिकाम्या रस्त्यावर बोलावलं. बाबांच्या हातात चावी दिली. आईंना बजावून सांगितलं, "मागे बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. मी माझ्या स्कूटरवर तुमच्या मागून येते."

"मी काय बोलत असते का सारखी?" आई म्हणाल्या. बाबांनी हेल्मेटचा पट्टा आवळला.

बाबा निघाले. छान निघाले. वळणाआधी आरसा, इंडिकेटर, वेग कमी. मागून बघताना मला मीच शिकवल्यासारखा अभिमान वाटला, खरं तर प्रकार उलटा होता. अर्धा रस्ता झाला आणि बाबांनी एकदम स्कूटर कडेला घेतली, बंद केली, पाय टेकले आणि मागे वळून बघितलं.

मी माझी स्कूटर लावून धावत गेले. "काय झालं? चक्कर आली का?"

"नाही. ही आहे का बघितलं."

"आहे का म्हणजे?" आई हेल्मेटच्या आतून म्हणाल्या. "नसायला कुठे जाते मी?"

"तुझा आवाज नाही. मला वाटलं, पडलीस कुठे वाटेत."

"तुमच्या सूनबाईनेच बोलू नको म्हणून सांगितलंय. आता बोलले नाही तर नाही म्हणून ओरडा!"

"ओरडलो कुठे? विचारलं."

म्हणजे आई बोलल्या तर बाबांचं लक्ष जातं, आणि नाही बोलल्या तर जास्त जातं. मी कपाळावर हात मारला आणि पुन्हा एक फेरी मारायला सांगितलं. नापास करायच्या आधी विद्यार्थ्याला मी नेहमी दुसरी संधी देते.

दुसऱ्या फेरीत आई दात दाबून बसलेल्या मागूनही दिसत होत्या. रस्त्याच्या टोकाला कुंपणाबाहेर एक शेवग्याचं झाड आहे. त्याला शेंगा लटकल्या होत्या. आईंना त्या दिसल्या. बोलायचं नाही आणि सांगायचं तर आहे. त्यांनी बाबांच्या खांद्यावर एकदाच, जोरात, थाप मारली.

स्कूटर तिथल्या तिथे थांबली. गचका नाही, लटपट नाही. डावीकडे इंडिकेटर, कडेला, थांबा. इतकी चटकन की मागून येणारी मीच त्यांच्यावर आदळता आदळता वाचले. मी त्या वेळी संध्याकाळी नवऱ्याला हे सगळं कसं सांगायचं, त्याची वाक्यं जुळवत होते.

"शेंगा बघा," आई म्हणाल्या. "आमटीला होतील. पण कोणाच्या आहेत कोण जाणे. राहू देत." दोघांनी मिळून शेंगा बघितल्या, झाड कोणाचं असेल यावर थोडी चर्चा केली. चर्चा संपल्यावर आईंनी बाबांच्या खांद्यावर दोन हलक्या थापा मारल्या. स्कूटर निघाली.

मी तिथेच उभी राहिले. हे दोघांनी ठरवलं कधी?

परत आल्यावर विचारलं, तर बाबांनाही आधी कळेना मी काय विचारते आहे. मग स्वतःच हसले. "अगं, सिंगल बेल ती. कंडक्टरने एक घंटी मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. त्यात काय विचार करायचाय? पाय आपोआप जातो."

"आणि आई, तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचायचं काय? लग्न झाल्यापासून ह्यांच्या बसमध्ये बसलेय. तिकीट काढून," आई म्हणाल्या. "तेव्हाही मागून बोलता यायचं नाही. पाटी होती."

मी माझ्या पद्धतीने पुन्हा खात्री करून घेतली. बाबांना आणखी फेऱ्या मारायला लावल्या आणि आईंना हवी तिथे थाप मारायला सांगितली. प्रत्येक वेळी गाडी वेळेत थांबली. मग एका फेरीला मी आईंना मुद्दाम म्हटलं, आता बोला. त्यांनी पुतणीच्या सासूचा विषय काढला. रस्त्यात मी ठेवलेली पाण्याची बाटली स्कूटरने चिरडली. निकाल स्पष्ट होता.

चावी फ्रिजवरून पुन्हा खुंटीवर आली, अटींसह. घोडबंदर रोडला जायचं नाही. अंधार पडल्यावर काढायची नाही. वर्षातून एकदा माझी परीक्षा द्यायची, आणि मी नापास केलं तर खिरीची सबब चालणार नाही. बाबांनी सगळं मान्य केलं. नवऱ्याने विचारलं, "काय ठरवलंस?" मी म्हटलं, "बस सुरू झाली आहे." त्याला काही कळलं नाही, पण चावी मागायचं काम आपल्यावर आलं नाही, एवढं कळल्यावर त्याने पुढे विचारलं नाही.

मुलीने तिच्या प्रॅक्टिकलमध्ये थापेचं लिहू का विचारलं. मॅडम म्हणाल्या, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. ते बरोबरच आहे. आमच्याकडेही एकाच माणसाचा प्रश्न होता.

आता मासळीला दोघं पुन्हा एकत्र जातात. पूर्वीपेक्षा वेळ दुप्पट लागतो, कारण गोडदेवपर्यंत आईंना बऱ्याच गोष्टी आठवतात आणि प्रत्येक आठवणीला एक स्टॉप लागतो. एक थाप, गाडी कडेला, इंजिन बंद. हेल्मेटच्या काचा वर. बोलून झालं की दोन थापा. जेवण उशिरा होतं. बोंबील मात्र ताजे असतात.

परवा मी क्लासला होते तेव्हा आमच्या इमारतीतल्या एका भाभीचा फोन आला. मी आधी विद्यार्थिनीला स्कूटर थांबवायला लावली, मगच फोन घेतला. भाभींचा आवाज काळजीचा होता. "दीदी, आपके ससुरजी की गाडी मेडिकल के सामने बंद पड गयी है. दोनों कब से खडे हैं. मेकॅनिक को भेजूं?"

"बंद नहीं पडी है भाभी," मी म्हटलं. "आंटी बोल रही हैं."